गीसबाख : पाडकामातून वाचलेले एक हॉटेल

स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतात, ब्रिएन्झ गावाच्या हद्दीतील गीसबाख धबधब्यासमोर उभ्या असलेल्या ग्रँड हॉटेलला नुकतीच दीडशे वर्षे झाली. झुरिकच्या हाउझर कुटुंबासाठी ओरास एदुआर दाविने या वास्तुविशारदाने १८७३ ते १८७५ या काळात ते उभारले. १८८३च्या आगीनंतर ते पुन्हा बांधले गेले. ब्रिएन्झ सरोवरातील बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी १८७९ मध्ये तेथे फनिक्युलर, म्हणजे चढावर एकाच दोराच्या दोन टोकांना जोडलेल्या दोन डब्यांची गाडी, सुरू झाली. सप्तशृंगगडावरची ट्रॉली पाहिलेल्यांना तिची रचना चटकन उमगेल. गीसबाखला मात्र विजेचे काम पाणी करी. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरले की तो भाराने खाली येई व खालच्याला वर ओढी, आणि डबे एकमेकांना ओलांडू शकावेत म्हणून एकेरी रूळ मध्यावर दुभंगलेला होता.

पहिल्या महायुद्धाने पर्यटक आटले आणि पुढची वर्षे रडतखडत गेली. अशा जुन्या हॉटेलांचा खरा शत्रू मात्र मंदी नव्हे, तर सुशिक्षितांची अभिरुची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर एकोणिसाव्या शतकातील हॉटेले म्हणजे भपका, असे ठरले आणि रिगी शिखरावरील हॉटेले पाडून टाकण्यात आली. हे काम कोणा बिल्डराने नव्हे, तर वारसा जपण्यासाठीच स्थापन झालेल्या हाइमाटशुट्झ या संस्थेच्या पुढाकाराने झाले, आणि त्यासाठी १९५१ मध्ये शाळकरी मुलांनी विकलेल्या चॉकलेटच्या नाण्यांचा पैसा वापरला गेला. पाडलेल्यांत दाविनेनेच बांधलेले श्रायबर हॉटेलही होते. मुलांच्या हाती चॉकलेट देऊन वारसा मोडण्याची ही कल्पकता विरळाच म्हणावी लागेल.

गीसबाखवर ती वेळ १९७९ मध्ये आली. हॉटेल बंद झाले, आणि त्या जागी लाकडी डोंगरी घराचा आव आणणारी अवाढव्य काँक्रीटची इमारत बांधण्याचा बेत शिजला. तो हाणून पाडला फ्रान्स वेबर यांनी. मूळचे पत्रकार असलेले आणि कॅनडातील सील पिल्लांच्या कत्तलीविरुद्धच्या मोहिमेने गाजलेले हे गृहस्थ अनेकांना हटवादी वाटत. पण सगळे समंजस लोक पाडकामाला राजी झाले असता हट्टच कामी आला. १९८३ मध्ये त्यांनी ‘गीसबाख स्विस जनतेला’ अशा अर्थाच्या नावाचा न्यास स्थापला, लोकवर्गणीवर ही मालमत्ता विकत घेतली आणि १९८४ मध्ये हॉटेलाचे दरवाजे पुन्हा उघडले. वेबर २०१९ मध्ये निवर्तले. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईतील वॉटसन हॉटेलाची, म्हणजे १८६०च्या दशकात ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेल्या आजच्या एस्प्लनेड मॅन्शनची इमारत धोकादायक म्हणून रिकामी करण्यात आली. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची चलचित्रे या देशात प्रथम जेथे दाखवली गेली, ती हीच वास्तू. आणि रिगीवरची हॉटेले पाडण्यात पुढाकार घेणारी हाइमाटशुट्झ आता स्वित्झर्लंडमधील सुंदर हॉटेलांची पुस्तिका काढते.