एक विहीर, अनेक थर

मुंबईतल्या माहुलचे दोन्ही तेलशुद्धीकरण कारखाने बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रापेक्षा वयाने मोठे. पुढे एसोकडे गेलेला १९५४चा, बर्मा शेलचा १९५५चा. आज ते अनुक्रमे एचपीसीएल आणि बीपीसीएलचे आहेत. दोन्ही उभे राहिले ते परदेशी तेलाच्या भरवशावर. टँकर जवाहर द्वीपाच्या धक्क्याला लागायचे आणि तेल नळांतून ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर यायचे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, आपल्याच समुद्राखाली तेल आहे, हे कळायला आणखी वीस वर्षे गेली.

साठच्या दशकात 'अकादेमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजाने खंबातच्या आखातात आणि आसपास भूकंपीय सर्वेक्षण केले. त्यात समुद्रतळाखाली एक प्रचंड उंचवटा दिसला, तोच बॉम्बे हाय. पुढे तपशीलवार सर्वेक्षण झाले, जपानमध्ये बांधलेला 'सागर सम्राट' हा विहीर खोदणारा रिग आला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये ओएनजीसीच्या तिथल्या पहिल्याच विहिरीला तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले.

पहिल्याच फटक्यात यश आले, म्हणून काम सोपे होते असे नाही. सर्वेक्षणात सोडलेल्या ध्वनिलहरी खडकाचा आकार दाखवतात. त्यात तेल आहे की खारे पाणी, हे खात्रीने सांगत नाहीत. म्हणून भूवैज्ञानिक पाच गोष्टी तपासतात. तेल तयार करणारा खडक आहे का? ते साठवणारा सच्छिद्र खडक आहे का? त्यावर घट्ट झाकण आहे का? तेल अडकून राहील असा उंचवटा आहे का? आणि तो उंचवटा तेल वाहत येण्याआधी तयार झाला होता का? पाचही उत्तरे 'हो' आली तरच विहीर लागते.

बॉम्बे हायमध्ये हे प्रश्न एकाच थराला विचारून भागत नाही. वरच्या भागात एस-१ हा वायू असलेला वाळूखडक आहे. शिवाय चुनखडकाचे एल-१ ते एल-५ असे थर आहेत, त्यांखाली तळाचा वाळू-गाळ आणि सर्वांत खाली कठीण पायाखडक. हा पायाखडक काही ठिकाणी ग्रॅनाइटसारखा, तर काही ठिकाणी दख्खनचा बेसाल्ट आहे. ट्रॉम्बेची टेकडी ज्या काळ्या दगडाची, त्याच कुळातला.

इतके थर असले म्हणजे यशाची शक्यता वाढते का? समजा, तीन थर आहेत आणि प्रत्येकात तेल सापडण्याची शक्यता २० टक्के आहे. तिन्ही एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर निदान एकात तरी तेल लागण्याची शक्यता सुमारे ४९ टक्के. पण तिघांनाही तेल पुरवणारा खडक एकच असेल आणि तो तेल देईल याचीच शक्यता ५० टक्के असेल, तर हिशेब बदलतो. प्रत्येक थराची शक्यता २० टक्केच राहते, मात्र निदान एका यशाची शक्यता ३९ टक्क्यांवर येते. इमारतीला मजले कितीही असोत, गच्चीवरची टाकी कोरडी असली की सगळे नळ कोरडे. म्हणून जाणकार सामायिक धोका आधी वेगळा काढतात आणि मगच एकेका थराचा विचार करतात.

पाचांपैकी एकही उत्तर 'नाही' आले तर काय होते, हा धडा अलास्काच्या किनाऱ्याजवळच्या 'मकलक' विहिरीने महागात शिकवला. समुद्रातले हक्क आणि विहीर मिळून एक अब्जाहून अधिक डॉलर खर्च झाले. १९८३ मध्ये खडकात तेलाच्या खुणा सापडल्या, पण तेल नव्हते. ते कधीकाळी तिथे साठले होते आणि निसटून गेले होते. झाकण किंवा उंचवटा दगा देत असेल, तर खडक कितीही चांगला असून उपयोग नसतो.

विहीर खोदायला लागली की अंदाजांची परीक्षा सुरू होते. चिखलासारख्या द्रावासोबत खडकाचे बारीक तुकडे वर येतात. ते धुऊन अतिनील दिव्याखाली धरतात. तेल असेल तर तुकडे चमकतात, अनेकदा पिवळसर. पण चमक म्हणजे साठा नव्हे. त्यानंतर विहिरीत उपकरणे सोडून खडकाचे गुणधर्म मोजतात (लॉगिंग), खडकाचा सलग दंडगोल नमुना (कोअर) काढतात आणि शेवटी तो थर मोकळा सोडून तेल खरोखर वाहते का, हे पाहतात. दरम्यान रिगचे भाडे चालूच असते. म्हणून वरच्या थरात यश मिळाल्यावर आणखी खाली जायचे की नाही, हा जितका भूशास्त्राचा, तितकाच जमाखर्चाचा प्रश्न असतो.

बॉम्बे हायचे बहुतांश तेल एल-३ या एकाच थरातून आले. तोही एकसंध नाही: चुनखडकाचे पदर आणि मधे मातीच्या पट्ट्या. उत्तर आणि दक्षिण भागांमध्येही मातीखडकाचा अडथळा आहे. एका पदरातून तेल भराभर येते आणि दुसऱ्यात अडकून राहते. कुठे पाणी, तर कुठे वायू आधी घुसतो. पायाखडकाच्या भेगांमधले तेल वेगळेच गणित मांडते, कारण तिथे साठवण खडकाच्या छिद्रांत नव्हे, तर भेगांत असते.

म्हणून 'अमुक ठिकाणी प्रचंड साठा' अशी बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. कोणत्या थरात? त्या थराची प्रत्यक्ष चाचणी झाली का? आणि सांगितलेला आकडा जमिनीतल्या एकूण तेलाचा आहे की बाहेर काढता येण्याजोग्या तेलाचा? या तिन्हींची उत्तरे बातमीत नसतील, तर तो साठा अजून कागदावरच आहे असे समजा.