टेम्पोरल लोबचा अपस्मार आणि स्मरणशक्ती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला, टेम्पोरल लोब असतात. त्यांच्या गाभ्यातला हिप्पोकॅम्पस नव्या आठवणी पक्क्या करतो. प्रौढांमध्ये मेंदूच्या एका ठरावीक भागातून सुरू होणाऱ्या अपस्मारांपैकी सर्वाधिक अपस्मार याच लोबमधून सुरू होतात. या अपस्माराच्या दूरगामी परिणामांविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : खाली कोसळून हातपाय झाडले, तरच ती फिट.

वस्तुस्थिती : या अपस्मारात पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, अकारण भीती दाटते, नसलेला जळका वास येतो किंवा समोरचा प्रसंग पूर्वी घडून गेल्याचा भास होतो. मग नजर स्थिर होते, तोंड चघळल्यासारखे हलते, बोटे पदर किंवा शर्टाची कड चाचपत राहतात. एक-दोन मिनिटांत हे थांबते, पण मधले काही आठवत नाही. घरचे याला तंद्री म्हणतात, कुठे बाहेरची बाधा म्हणतात, आणि उपचारांविना वर्षे निघून जातात.

गैरसमज २ : या आजाराने बुद्धी मंदावते.

वस्तुस्थिती : अनेकांची सर्वसाधारण बुद्धिमत्ता शाबूत असते. फटका बसतो तो मुख्यतः स्मरणाला. बहुतेकांमध्ये भाषेचे काम मेंदूची डावी बाजू करते. म्हणून दोष डावीकडे असेल तर ऐकलेले, वाचलेले लक्षात राहत नाही आणि नेमके शब्द सुचत नाहीत. झारा समोर दिसतो, त्याचा उपयोग सांगता येतो, नाव मात्र ओठांवर येत नाही. त्रासाचे प्रमाण व्यक्तीगणिक बदलते. काहींना तो जाणवतही नाही.

गैरसमज ३ : प्रत्येक फिटमध्ये मेंदूचा थोडा भाग मरतो.

वस्तुस्थिती : एखाद्या छोट्या फिटमुळे कायमची इजा होते, असे दिसत नाही. खरा धोका लांबलेल्या फिटचा असतो. अनेक रुग्णांच्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसतो. हे आक्रसणे फिटचे कारणही असू शकते आणि परिणामही. लहानपणी तापात आलेल्या बहुतेक फिट निरुपद्रवी असतात. फार वेळ चाललेली फिट मात्र हिप्पोकॅम्पसला इजा करू शकते. आजार बरीच वर्षे आटोक्याबाहेर राहिला, तर स्मरण खालावण्याची शक्यता वाढते.

गैरसमज ४ : विसराळूपणा गोळ्यांमुळेच येतो, म्हणून त्या बंद कराव्यात.

वस्तुस्थिती : फेनोबार्बिटोन, टोपिरामेट यांसारख्या काही औषधांनी विचारांचा वेग मंदावतो, हे खरे आहे. पण वारंवार येणाऱ्या फिट, दोन फिटच्या मधल्या काळातही चालू राहणारी विद्युत गडबड, अपुरी झोप आणि नैराश्य यांचाही त्यात वाटा असतो. नैराश्य आणि चिंता या रुग्णांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात आणि त्यांवर उपचार होतात. औषध बदलायचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने. अचानक बंद केल्यास न थांबणारी फिट येऊ शकते.

गैरसमज ५ : ऑपरेशन केले की आठवणच जाते.

वस्तुस्थिती : या भीतीला एक जुना दाखला आहे. 1953 मध्ये अमेरिकेत अपस्माराचे रुग्ण हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढले गेले आणि नव्या आठवणी साठवण्याची त्यांची क्षमता कायमची गेली. त्यातूनच हिप्पोकॅम्पसचे कार्य उलगडले. आज एकाच बाजूची शस्त्रक्रिया होते, तीही एमआरआय, व्हिडिओ ईईजी आणि स्मरणचाचण्या झाल्यावर. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील 80 रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेरीस शस्त्रक्रियेच्या गटातील 58 टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते. केवळ औषधांवरच्या गटात 8 टक्के. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर शब्दस्मरण घटण्याचा धोका मात्र राहतो. ज्यांचे स्मरण आधी चांगले असते, त्यांना तो अधिक.

अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी आटोक्यात येत नाहीत. योग्य निवडलेली, योग्य मात्रेत घेतलेली दोन औषधे निष्फळ ठरली, तर वर्षानुवर्षे थांबू नये; अपस्माराच्या विशेष केंद्रात तपासणी करून घ्यावी. फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर लगेच रुग्णालय गाठावे.