झोक्याचं इंजिन झोक्यावरच

श्रावणात पंचमी जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या गावोगावी लिंबाच्या नाहीतर चिंचेच्या जाड आडव्या फांद्या शोधल्या जातात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यामुळे नागपंचमी हा त्यांच्या घरी असण्याच्या दिवसांतला सण. लेकी माहेरी आलेल्या असतात. फांदीवर पोत्याची घडी टाकून तिच्यावरून नाडा सोडायचा, म्हणजे झाडाची सालही सोलत नाही आणि दोरही झिजत नाही. खाली फळी अडकवायची. सुरुवातीला कुणीतरी एक रेटा देतं आणि बाजूला होतं. पुढचं सगळं काम झोक्यावर उभी असलेली बाई करते. बघता बघता झोका इतका चढतो की खाली उभ्या असलेल्या म्हातारीचा जीव वरखाली होतो.

या झोक्याला बाहेरून ढकलणारं कोणी नाही, पाय टेकायला जमीन नाही आणि मोटर तर नाहीच. मग त्याच्यात ऊर्जा येते कुठून? बसणाऱ्याच्याच बळावर चालणारा झोका ‘डिझाइन’ करायचा असेल, तर पहिला धडा या नाड्यावरच मिळतो.

झोका घेणारी बाई नेमकं काय करते ते नीट पाहावं. झोका टोकाला पोचला की ती गुडघ्यात वाकते. खाली मधोमध येताना ताठ उभी राहते. दुसऱ्या टोकाला पुन्हा वाकते. मधोमध झोक्याचा वेग सर्वांत जास्त असतो. तिथे दोराला तिचं वजन तर पेलावं लागतंच, शिवाय तिला वर्तुळात वळवत ठेवण्याचा जादा ताणही त्याच्यावर येतो. म्हणून तिथे अंग जड वाटतं आणि उभं राहायला मांड्यांना जोर लावावा लागतो. टोकाला क्षणभर वेग शून्य असतो, अंग हलकं वाटतं, आणि तिथे खाली बसताना कमी ऊर्जा परत जाते. उठताना घातलेली जास्त आणि बसताना गेलेली कमी, यांतला फरक झोक्यात जमा होतो. पंचमीच्या फुगडीतही या भौतिकशास्त्राचा अर्धा भाग दिसतो : फिरता फिरता दोघी जवळ आल्या की गरगर वाढते. फिरणारं वजन मध्याकडे ओढलं की वेग वाढतो, आणि ओढायला लागलेलं बळ त्या वेगात उतरतं.

याचं गणित सोपं आहे. पाच मीटरचा दोर धरू. उभ्या बाईचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास, म्हणजे फांदीपासून साधारण चार मीटरवर येतो. एवढ्या लांबीच्या झोक्याला एक पूर्ण येरझार करायला चार सेकंद लागतात. बाई बारीक असो वा जाड, या चार सेकंदांत फरक पडत नाही. आता वाकून उभं राहताना तिनं आपला गुरुत्वमध्य वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर वर नेला, तर मधून जाताना दर वेळी झोक्याच्या ऊर्जेत तिच्याच १५ टक्क्यांची भर पडते. सूत्र असं : जेवढी उंची उचलली तिची तिप्पट, भागिले झोक्याची लांबी. येरझारेत झोका दोनदा मधून जातो, म्हणजे भर तीस टक्क्यांच्या वर. हवा आणि दोराचं घर्षण मिळून येरझारेमागे दहा टक्के खातात असं मानलं, तर पाच अंशांच्या किरकोळ हिंदकळ्यापासून ४५ अंशांपर्यंत जायला पंचवीसेक येरझारा, म्हणजे दीड-पावणेदोन मिनिटं पुरतात. त्या वेळी मधोमध वेग ताशी १७ किलोमीटर असतो.

या सूत्रात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. दोर जितका लांब, तितका वीतभर उठण्याचा परिणाम कमी. एस्टोनियात याच गोष्टीवर एक अख्खा खेळ उभा आहे. आडो कोस्क यांनी १९९० च्या दशकात ‘कीकिंग’ सुरू केलं. लोखंडी दांड्यांच्या झोक्यावर पाय बांधून उभं राहायचं आणि नुसतं उठत-बसत पूर्ण ३६० अंशांचा फेरा मारायचा. जिंकणं ठरतं ते दांड्यांच्या लांबीवर : जास्त लांब दांड्यांवर फेरा पूर्ण करेल तो श्रेष्ठ. तिथले विक्रम सात मीटरच्या पुढे गेले आहेत. आपल्या दोराच्या झोक्यावर हे करायला जाऊ नये. फांदीच्या पातळीच्या वर गेलं की दोर सैल पडतो आणि माणूस खाली येताना हिसका बसतो. तिथे लोखंडी दांडेच लागतात.

बसून झोका घेणाऱ्याचं तंत्र वेगळं. तो दोर धरून अंग मागे टाकतो, पाय पुढे फेकतो, मग पुन्हा पुढे झुकतो. १९६८ मध्ये पीटर टी आणि हॅरॉल्ड फॉक यांनी, आणि १९९० मध्ये विल्यम केस आणि मार्क स्वॉन्सन यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये या दोन पद्धतींचं गणित मांडलं. बसून घेतलेल्या झोक्यात दर येरझारेला झोक्याच्या झेपेत साधारण ठरावीक भर पडते. उभ्यानं घेतलेल्या झोक्यात आधी असलेल्याच्या प्रमाणात भर पडते. एक सरळ व्याज, दुसरं चक्रवाढ. म्हणून झोका बसून सुरू करणं सोपं आणि उभ्यानं चढवणं सोपं. अगदी स्थिर झोक्यावर कितीही उठाबशा काढल्या तरी तो हलत नाही, कारण शून्यावर चक्रवाढ शून्यच. म्हणून तर सुरुवातीचा रेटा लागतो.

खरी मौज वेळेची आहे. बारावीच्या पुस्तकात लंबकाचा आवर्तकाल कंपविस्तारावर अवलंबून नसतो असं वाचायला मिळतं, पण ते लहान कोनांपुरतं. झोका ६० अंशांपर्यंत चढला की त्याच येरझारेला सात टक्के जास्त वेळ लागतो. चार सेकंदांच्या ठोक्यावर लावलेली मोटर अशा झोक्याला जोडली, तर सातच येरझारांत तिचा धक्का उलट्या बाजूनं बसू लागेल आणि ती झोका थांबवायला निघेल. सात वर्षांच्या पोरीची अशी चूक होत नाही. २०२३ मध्ये जपानी संशोधकांनी ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यासोबत ‘फिजिकल रिव्ह्यू ई’मध्ये दाखवलं की झोका लहान असताना माणसं मधोमध येताना अंग मागे टाकतात आणि झोका वाढू लागला की तोच क्षण हळूहळू अलीकडे, मागच्या टोकाकडे, सरकवतात. गणित जो क्षण उत्तम ठरवतं, तोच त्यांचं अंग न शिकवता पकडतं. झोक्यावर बसणारा त्याची मोटर असतो आणि त्या मोटरचा चालकही.

म्हणून यांत्रिक झोका बनवणाऱ्यानं यंत्राला ठोका ठरवू देऊ नये. ख्रिस्तियान हायगेन्सनं १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं, त्याचं मर्म हेच होतं : वजनाच्या ओढीनं फिरणारं चक्र लंबकाला ढकलतं खरं, पण कधी ढकलायचं ते लंबक स्वतः ठरवतो. हाच नियम झोक्याला लावला की दांडे, कप्प्या, तरफा यांचा पसारा कमी होतो.

पण हा सगळा खेळ पाय आणि कंबर धड असणाऱ्यांचा झाला. ज्या मुलाचे पाय साथ देत नाहीत, त्यानं काय करायचं? एरवी त्याचा झोका दुसऱ्याच्या हातात असतो. कुणी ढकललं तर हलतो, ढकलणारा गेला की थांबतो. यांत्रिक झोक्याची खरी गरज इथे आहे असं ठामपणे म्हणता येतं.

उत्तर आपल्या घरातच आहे. बंगईवर बसलेला माणूस पायाच्या अंगठ्यानं जमिनीला हलकासा रेटा देतो. उसाच्या फडाकडेला साडीची झोळी बांधून त्यात तान्हं बाळ निजवलेलं असतं आणि आई लांबून दोरी ओढत राहते. दोन्हीकडे बळ बाहेरच्या स्थिर वस्तूवरून मिळतं : एकीकडे जमीन, दुसरीकडे बाहेर बसलेली आई. दोरीचं ते टोक झोक्यात बसणाऱ्याच्याच हातात दिलं आणि दुसरं टोक समोरच्या खांबाला बांधलं, की हातानं चालणारा झोका तयार.

बळ किती लागेल? २० किलोचं मूल, दोन मीटरचा झोका आणि ३० अंशांपर्यंतची झेप धरली, तर झोक्यातली सगळी ऊर्जा ५० ज्यूलच्या आसपास भरते. त्यातली दहा टक्के दर येरझारेला घर्षणात गेली, तर भरून काढायला पाच ज्यूल पुरतात. एक किलोचं वजन उचलण्याइतक्या जोरानं दोरी अर्धा मीटर ओढली की तेवढे मिळतात. तेही तीन सेकंदांत एकदाच. हे कुठल्याही पोराच्या हाताला झेपेल.

अडचण दोरीची आहे. ती फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. झोका खांबाकडे जात असताना ओढायची आणि मागे फिरला की सैल सोडायची, हे मुलं लवकर शिकतात, पण सैल दोरी गळ्यात अडकण्याचा धोका राहतो. म्हणून दोरीऐवजी लोखंडी चौकटीला बिजागरीनं जोडलेला दांडा आणि त्याला आडवी मूठ बरी. दांडा जाताना ओढता येतो, येताना ढकलता येतो, म्हणजे एका येरझारेत दोनदा बळ देता येतं. वरच्या नळीला नुसती कडी अडकवण्याऐवजी सीलबंद बेअरिंग बसवावी. धूळ गेलेली कोरडी कडी करकरते, आणि त्या करकरण्यात मुलाची मेहनत उष्णता होऊन जाते. नायलॉनचा दोरही टाळावा, तो ताणला जातो आणि उभारीच्या क्षणी दिलेलं बळ थोडं गिळतो. साखळी किंवा दांडा चांगला. पाठीला आधार आणि कमरेला पट्टा हवाच.

नवं काही शोधल्याचा दावा मात्र इथे कुणी करू नये. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका पाच वर्षांच्या मुलाच्या नावावर २००२ मध्ये चक्क झोका घेण्याच्या पद्धतीचं पेटंट नोंदलं गेलं : एकदा डावी, एकदा उजवी साखळी ओढून आडवं झुलायचं. पुढे फेरतपासणीत ते दावे रद्द झाले, आणि ते योग्यच झालं. जगभरची पोरं तसं कधीपासून झुलत आली आहेत.

टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात एक मोह हमखास होतो : पोरं एवढं खेळतात, तर त्या झोक्यानं पाणी का उपसू नये? हा प्रयोग जगानं करून पाहिला आहे. दक्षिण आफ्रिकेत निघालेल्या ‘प्लेपंप’मध्ये मुलांच्या गोल फिरणाऱ्या चक्रानं पाणी टाकीत चढवायचं होतं. २००६ मध्ये अमेरिकेत त्याला कोट्यवधी डॉलरचं पाठबळ जाहीर झालं. पुढे ब्रिटनच्या ‘गार्डियन’ दैनिकानं हिशेब मांडला, की ठरवलेल्या लोकसंख्येची किमान गरज भागवायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. मोझांबिक, मलावीत अनेक ठिकाणी मुलं दमून निघून गेली आणि बायकांना ते जड चक्र हातानं फिरवावं लागलं.

आपल्याकडचा हिशेब याहून कठोर आहे. दोनशे फुटांवरून १५ लिटरची एक घागर वर आणायला जवळपास नऊ हजार ज्यूल लागतात. वरच्या उदाहरणातल्या झोक्यातली सगळी ऊर्जा काढून घेतली तरी तिच्या १७० पट भरेल एवढी ही गरज आहे. शिवाय ऊर्जा काढून घेतलेला झोका झुलत नाही, तो ब्रेक लावल्यासारखा जड होतो. पाण्यासाठी सौरपंप लावावा, जलसंधारण करावं. झोक्याला झोकाच राहू द्यावं.

भाराचा हिशेब मात्र कोणी चुकवू नये. झोका ६० अंशांपर्यंत चढला की मधोमध दोरावर वजनाच्या दुप्पट ताण येतो, फांदीच्या पातळीपर्यंत गेला तर तिप्पट. दोन बायका मिळून १०० किलोच्या असतील, तर फांदीला क्षणभर ३०० किलो, म्हणजे सिमेंटच्या सहा गोण्यांचा भार पेलावा लागतो. त्यांनी मधोमध उठून दिलेला जोर आणखी वेगळा. हा भार दर येरझारेला दोनदा येतो आणि जातो. शेवग्यासारख्या ठिसूळ झाडाला, वाळक्या किंवा पोखरलेल्या फांदीला झोका बांधू नये, आणि जुना नाडा पंचमीला काढण्याआधी वीत-वीत तपासावा. शाळेतल्या लोखंडी चौकटीलाही हाच नियम लागू आहे : तिचा पाया बसणाऱ्याच्या वजनावर न ठरवता त्याच्या निदान तिपटीवर ठरवावा आणि खाली फरशीऐवजी वाळूचा जाड थर टाकावा.

अंगणवाडीसाठी, जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी खेळणी मागवताना ग्रामपंचायतीनं आणि शाळा व्यवस्थापन समितीनं यादीत एक ओळ वाढवावी : एका झोक्याला पाठीचा आधार, कमरेचा पट्टा आणि हातानं ओढायचा दांडा. गावातल्या वेल्डिंगवाल्याला हे काम जमण्यासारखं आहे. त्याला चौकटीचं माप देताना सोबत ज्या मुलासाठी झोका करायचा त्यालाही घेऊन जावं, म्हणजे मूठ त्याच्या हाताच्या अंतरावर बसेल.