ठराव मंजूर, पाणी बंद

महाडचे चवदार तळे 1923 च्या कायद्याने सर्वांना खुले झाले, असे भाषणांतून सर्रास सांगितले जाते. तसा कायदा झालाच नव्हता. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला तो सी. के. बोले यांचा ठराव. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असे त्यात म्हटले होते. पण 1919 च्या सुधारणांनुसार चालणाऱ्या त्या सभागृहात ठरावाला वजन होते ते सरकारला केलेल्या शिफारशीचे. तो धुडकावणाऱ्याला शिक्षा नव्हती. सप्टेंबरमध्ये सरकारने खात्यांना आदेश काढला, जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला, तरी अस्पृश्यांना तिथे पाणी भरता येईना. ही उणीव बोल्यांनी ओळखली. 1926 मध्ये ते दुसरा ठराव घेऊन आले: अंमल न करणाऱ्या नगरपालिकांचे आणि लोकल बोर्डांचे अनुदान रोखा. सभागृहाची अशी नेमकी जाण असलेला हा माणूस महाडच्या इतिहासात एका ओळीत उरकला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक तळ्यावर गेले, तो कायदेभंग होता असेही मानले जाते. कोणत्या कायद्याचा? त्या दिवशी नगरपालिकेचा ठराव कायम होता. पालिकेने तो मागे घेतला 4 ऑगस्ट 1927 ला, बोले ठरावाला चार वर्षे पूर्ण झाली त्याच तारखेला.

तळ्यावरच्या या सत्याग्रहाने प्रश्न तिथेच मिटला, हाही गैरसमज. डिसेंबरमध्ये स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला, मनाई हुकूम मिळवला. खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले, पण अस्पृश्यता बेकायदा ठरवून नव्हे. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून. पुरावा भक्कम असता तर निकाल फिरू शकला असता, इतका तो हक्क तेव्हा ठिसूळ होता. रूढीचा तो आधार पुढे राज्यघटनेने काढून घेतला: कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख केला.