बीरगांव ते मुंबई : अंतर किलोमीटरचे की तासांचे?

नोकरी-व्यवसायानिमित्त गावापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या मनात एक हिशेब सदैव चालू असतो. रात्री-अपरात्री घरून दूरध्वनी आला, तर आपण किती वेळात पोहोचू? रायपूर आणि त्याला लागूनच असलेल्या बीरगांव-उरला औद्योगिक परिसरातील मराठी माणसालाही हा प्रश्न चुकलेला नाही.

नकाशावर सरळ रेघ ओढली, तर रायपूर ते मुंबई हे अंतर सुमारे ९५० किलोमीटर भरते. गोंदिया, नागपूर, भुसावळ असा जाणारा लोहमार्ग मात्र सुमारे ११४० किलोमीटरचा असून त्यास १८ ते २० तास लागतात. विमान उंचीवर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने सव्वा तासात मुंबई यावयास हवी. मग वेळापत्रकात पावणेदोन ते दोन तास का असतात?

कारण ही वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईच्या तळावर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात प्रसंगी माराव्या लागणाऱ्या घिरट्या, हे सारे तीत येते. हिवाळ्यात उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहतात. ते मुंबईकडे जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास थोडा लवकर संपतो.

तरीही खरा हिशेब घराच्या उंबरठ्यापासून मांडावयास हवा. बीरगांव रायपूरच्या उत्तरेस, तर माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळ आग्नेयेस. तेथवर जाण्यास एक तास, विमानतळावर दोन तास, उड्डाण दोन तास, सामान घेऊन बाहेर पडण्यास पाऊण तास आणि मुंबईच्या रस्त्यांवर एक तास धरला, तर बेरीज पावणेसात तासांची होते. तरी रेल्वेच्या तुलनेत दहा-बारा तास वाचतात.

नागपूरची गोष्ट वेगळी. १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. लोहमार्गाने हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर असून वेगवान गाडी ते चार-साडेचार तासांत कापते. विमानाने जावयाचे म्हटले, तरी दोन्हीकडील वेळ धरता पाच तास सहज जातात. येथे रेल्वेच सोयीची आणि स्वस्तही.

आयत्या वेळी घेतलेले विमानाचे तिकीट मात्र बहुधा महाग पडते. म्हणून घरातील वडीलधारी मंडळी दूर असतील, तर जाण्या-येण्यापुरती रक्कम बचत खात्यात निराळी राखून ठेवावी. तो दूरध्वनी येऊ नये, अशीच आपणा सर्वांची इच्छा. पण आलाच, तर पैशांच्या जुळवाजुळवीत एक तासही जाऊ नये.