मोठ्या आंतड्याची दुर्बीण आणि डॉक्टरांची पूर्वतयारी

डॉक्टर रुग्णाच्या हितासाठींच हत्यार हातीं घेतो. परंतु तें धरावयास तो कोणाच्या देहावर शिकतो, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं विचारण्याजोगा आहे. कोलोनोस्कोपीचें, म्हणजे मोठ्या आंतड्याच्या तपासणीचें, उदाहरण घेऊं.

हें आंतडें सुमारें ५ फूट लांब असतें. गुदद्वारावाटें त्यांत एक लवचीक नळी सारितात. तिच्या टोकाशीं दिवा व कॅमेरा असतो. १९०६ सालीं बंद झालेल्या वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणींतही कामकरी दिवा घेऊनच उतरत, पण त्यांच्या बोगद्याच्या भिंती स्थिर होत्या. आंतड्याच्या भिंती हलतात, वळतात; नळी जोरानें रेटली कीं तिला आंतच वेटोळें पडतें. मग आंतडें ताणून कळ येते, क्वचित् भोंकही पडतें. म्हणून शिकाऊ डॉक्टरास ढकलण्याइतकेंच मागें घेणें शिकावें लागतें. नळी ओढून किंचित् पिळली म्हणजे वेटोळें सुटतें, व आंतडें दंडावर सारलेल्या बाहीप्रमाणें तिच्यावर चुणून येतें. अशी सरळ नळी ७० ते ८० सेंटिमीटर जातांच मोठ्या आंतड्याचें दुसरें टोक गांठते!

डाव्या हातानें दोन चाकें फिरवून टोक वळवावयाचें, उजव्यानें नळी सारावयाची, डोळे पडद्यावर ठेवावयाचे. पूर्वीं हें सारें रोग्यावरच शिकत. आतां पुष्कळ ठिकाणीं कृत्रिम आंतड्यावर व संगणकाच्या यंत्रावर आधीं हात बसवितात. कांहीं यंत्रांत तर वेटोळें पडतांच आंतला ‘रोगी’ कण्हतो. असे शिकलेले नवशिके पहिल्या खऱ्या तपासण्या इतरांहून सरस करितात, असें चांचण्यांत दिसलें आहे. तथापि गुरूची जागा यंत्रास घेतां येत नाहीं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत एम्. डी. नंतर पोटविकारांचा डी. एम्. अभ्यासक्रम आणखी तीन वर्षांचा आहे.

खरी तपासणी परतीच्या वाटेवर होते. निदान ६ मिनिटें भिंती न्याहाळाव्या, असा दंडक आहे. कारण घड्यांआड लपलेल्या लहान गांठींतूनच बहुधा कित्येक वर्षांनीं कर्करोग होतो. तारेच्या फांसानें अशी गांठ नळींतूनच काढण्याची रीत न्यूयॉर्क येथें वुल्फ व शिन्या यांनीं १९६९ सालीं काढिली.

वरोऱ्याहून नागपुरास वा मुंबईस तपासणीसाठीं जाणाऱ्यानें, “नळी कोण घालणार? शिकाऊ असल्यास शेजारीं वडील डॉक्टर असतील ना?” असें नम्रपणें विचारावें. त्यांत उद्धटपणा मुळींच नाहीं.