गोळी थांबली, नकाशा राहिला!

१५ जून २०२० ची रात्र. लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत भारताचे २० जवान शहीद झाले. त्यांत कर्नल संतोष बाबू होते. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये चीननेही आपले चार सैनिक मेल्याचे मान्य केले. त्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या एक मावशी वर्तमानपत्र घेऊन आमच्या दारात आल्या. त्यांचा मुलगा फौजेत. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शिकलेले, मला सांगा. आपल्या पोरांकडं बंदुका होत्या ना? मग दगड-दांडक्यांचा मार का खाल्ला? गोळी का नाही झाडली?"

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आम्ही कचेरीत फायली हाताळणारी माणसे. म्हणून मग करारच वाचायला घेतले. मावशींना जे सांगितले, तेच आज वाचक बंधु-भगिनींपुढे मांडत आहोत.

गोष्ट २९ एप्रिल १९५४ पासूनची. त्या दिवशी पेकिंगमध्ये भारत आणि चीन यांनी तिबेटशी व्यापार व ये-जा यासंबंधी करार केला. एकमेकांच्या भूमीचा मान राखावा, आक्रमण करू नये, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करू नये, समानतेने वागावे, शांततेने नांदावे अशी पाच तत्त्वे त्यात होती. त्यांनाच 'पंचशील' म्हटले गेले. करारात व्यापाराच्या पेठा होत्या, यात्रेच्या वाटा होत्या. पण दोन देशांची हद्द नेमकी कोठून जाते, हे त्यात ठरवलेले नव्हते!

परमपूज्य बाबासाहेबांनी हा धोका ओळखला होता. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी या धोरणावर टीका केली. पंचशील हा बौद्ध धम्माचा भाग आहे. माओंची त्यावर खरी श्रद्धा असती, तर त्यांनी आपल्याच देशातील बौद्धांना वेगळे वागवले असते, असा त्यांचा मुद्दा होता. त्याआधी १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी हिशेबच मांडला होता. वर्षाच्या ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी रुपये लष्करावर जातात, कारण आपल्या परराष्ट्र धोरणामुळे आपल्याला मित्र उरलेले नाहीत, असे ते म्हणाले. शेजाऱ्याशी बिनसले की त्याची किंमत गरिबाच्या ताटातून वसूल होते, हा त्या हिशेबाचा अर्थ आहे.

आठ वर्षांचा तो करार जून १९६२ मध्ये संपला आणि २० ऑक्टोबरला युद्ध पेटले. १९६७ मध्ये नथू ला येथे पुन्हा रक्त सांडले. १९७५ मध्ये अरुणाचलातील तुलुंग ला येथे आसाम रायफल्सचे चार जवान गोळीबारात मारले गेले.

मग दोन्ही देशांना वेगळा मार्ग सापडला. १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी चीनला गेले. ७ सप्टेंबर १९९३ रोजी नरसिंह राव यांच्या काळात सीमेवर शांतता राखण्याचा करार झाला. त्यानंतर २९ नोव्हेंबर १९९६ चा करार आला. ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत कोणीही गोळी झाडायची नाही, सुरुंग लावायचा नाही, बंदुकीने शिकारसुद्धा करायची नाही, असे त्यात लिहिले आहे. लढाऊ विमानांनी दहा किलोमीटर दूर राहायचे. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. गलवाननंतर परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनीही सांगितले, की जवानांकडे शस्त्रे होती. पण १९९६ आणि २००५ च्या करारांनुसार अशा प्रसंगी ती न वापरण्याचा प्रघात होता.

कोणी म्हणेल, असले करार फाडून टाका! आम्हाला ते पटत नाही. १९७५ नंतर ४५ वर्षे या सीमेवरच्या संघर्षात एकाही जवानाचा जीव गेला नाही. किती आयांची कूस त्यामुळे वाचली असेल!

मग चुकले कोठे? दोन किलोमीटर मोजायचे, ते कोणत्या रेषेपासून? ती रेषा दोघांच्या नकाशात वेगवेगळी आहे. एकमेकांना नकाशे द्यायचे, असे १९९६ च्या करारातच ठरले होते. २००० साली फक्त मधल्या भागाचे नकाशे दिले-घेतले गेले. लडाख आणि अरुणाचलचे राहिले ते राहिलेच.

२१ ऑक्टोबर २०२४ रोजी देपसांग आणि डेमचोक येथील गस्तीबाबत समझोता जाहीर झाला. २०२५ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा आणि थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये विशेष प्रतिनिधींची २४ वी बैठक झाली आणि हद्द आखण्याचा विचार करण्यासाठी तज्ज्ञांचा गट नेमायचे ठरले. विशेष प्रतिनिधींची ही व्यवस्था २००३ ची आहे. म्हणजे बावीस वर्षांत नुसता गट नेमण्यापर्यंत मजल गेली!

आम्ही हे सारे सांगितल्यावर मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बांध घातलाच नाही, आणि वर भांडू नका म्हणाले!"

बंधु-भगिनींनो, शेताच्या बांधावरून भावाभावांत डोकी फुटलेली आपण पाहिली आहेत. नेत्यांच्या हस्तांदोलनाचे फोटो जरूर पाहा. पण मत मागायला येणाऱ्याला मावशींचा हा प्रश्नही विचारा : बांध कधी घालणार?